टूनगॅबीचं मराठी

"अगं ताई, दुकानदार बहुतेक गंडवतोय मला," स्वरदा फोनवर मोठ्यानं म्हणाली. "हिरवं काहीतरी दाखवायचं आणि जेड म्हणून गळ्यात मारायचं! पण... दिसायला मात्र बघत राहावं असा आहे हं."

"खडा?" पुण्याहून सुखदाताईनं विचारलं.

"नाही गं, दुकानदार!"

आजूबाजूला सगळी चिनी बोलणारी माणसं. इथं आपलं मराठी कुणाला कळणार, या भरवशावर ती बिनधास्त सुटली होती. शहराच्या ईस्टवूड भागातल्या त्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चिनी खड्यांचा बाजार भरायचा. काळ्या मखमलीवर मांडलेले दुधी, शेवाळी, मधाळ रंगांचे खडे, छोट्या टॉर्चांचे झोत, आणि घासाघीस करणाऱ्या आज्यांचा कलकलाट. ऑफिसातली ग्रेस तिला इथे घेऊन आली होती. आईच्या साठीला काहीतरी वेगळं द्यायचं होतं ना! ग्रेस बाहेर पार्किंग शोधत होती, आणि स्वरदाला कुठला धीर? ती एकटीच आत शिरली होती.

टेबलापलीकडच्या तरुणानं मान वर केली.

"गंडवत नाही हं मी," तो म्हणाला. मराठीत! "शहाण्यासारखं नीट बघ आधी. हात पुढे कर."

स्वरदानं हात पुढे केला. दुसरं काही सुचलंच नाही. त्यानं तिच्या मनगटावर, आतल्या बाजूला, अलगद तो हिरवा खडा ठेवला.

"गार लागतंय?"

"...लागतंय."

"थांब जरा. अजून?"

"अजूनही."

"जेड आहे. पटकन तापत नाही."

खडा तापला नव्हता. तिचे कान मात्र चांगलेच तापले होते. फोनमधून ताई विचारत होती, "हॅलो? कोण बोलतंय गं ते?" स्वरदानं फोनच बंद केला.

"तुम्ही... तुम्हाला मराठी..."

"टूनगॅबीचं मराठी," तो हसला. "तिथेच घर आमचं, याच शहरात. आईबाबा दिवसभर दुकानात. शाळेतून आलो की शेजारी, शैला काकूंकडे. त्यांनीच वाढवलं म्हण ना. मी वेन. आणि तू?"

"स्वरदा. अनोळखी माणसाला अहो म्हणायचं असतं, हे नाही शिकवलं काकूंनी?"

तो खरोखरच विचारात पडला. "काकू मला अहो कशाला म्हणतील?"

तेवढ्यात ग्रेस आली आणि टाळी वाजवून म्हणाली, "ओह, वेन भेटला का? शाळेत माझ्याच वर्गात होता. थोडं इंडियन बोलतो तो, सांगायलाच विसरले!"

आईसाठी स्वरदानं एक पाचूसारखं हिरवं पेंडंट निवडलं. वेननं ते कागदात नीट गुंडाळून दिलं आणि म्हणाला, "सांभाळून ने हं, सोन्या."

ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची आजी वळून बघायला लागली. सोन्या म्हणजे निरोप देताना कुणालाही म्हणायचं, असा त्याचा आजवरचा समज होता. ते लाडानं, अगदी जवळच्या माणसालाच म्हणतात, हे कळल्यावर मात्र कान तापायची पाळी त्याची होती.

पुढच्या रविवारी ती ग्रेसबरोबर गेली. त्याच्या पुढच्या रविवारी ग्रेसला काम होतं... तरीही गेली. वेन आठवडाभर हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि रविवारी बाबांच्या स्टॉलवर बसायचा. हा खडा बर्मातून आला, तो पार पश्चिम चीनमधून, असं तो सांगत राहायचा आणि ती त्याच्या बोटांकडे बघत राहायची. त्याचे बाबा न बोलता तिच्यापुढे चहाचा छोटा पेला सरकवायचे. एकदा तिनं थालीपीठ नेलं. वेननं डबा उघडून गंभीरपणे विचारलं, "लोणी कुठाय?"

त्याचं मराठी असंच होतं. हात धुतलेस का, पटापटा खा, पडशील, हळू... सगळं काकूंच्या स्वयंपाकघरातलं. ती त्याला नवे शब्द द्यायची. एकदा म्हणाली, "हुरहूर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... शनिवारी संध्याकाळी होते ती."

"शनिवारी का?"

"भूगोलाचे शिक्षक ना तुम्ही? काढा शोधून."

तो बघतच राहिला. मग खाली मान घालून एकच खडा कितीतरी वेळ पुसत बसला.

जूनमधल्या एका शनिवारी तो तिला शैला काकूंकडे टूनगॅबीला घेऊन गेला. जून म्हणजे इथला हिवाळा; बाहेर थंडीतली भुरभुर चालू होती. काकूंनी दोघांना गरम गरम आमटीभात वाढला, वेनच्या ताटात न विचारता तुपाची धार धरली, आणि मग स्वरदाकडे वळल्या.

"आणि तुझं काय गं? इथेच राहणार ना आता?"

स्वरदाचा घास हातातच थांबला. पंधरवडाभर ती हेच टाळत होती.

"मेलबर्नला पाठवतायत मला," ती ताटाकडे बघत म्हणाली. "पुढच्या महिन्यात. प्रोजेक्ट तिकडचं आहे... सहा महिने तरी. नाही म्हटलं तर व्हिसाचं अवघड होईल."

मग वेन हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "नो वरीज. ग्रेट अपॉर्च्युनिटी. गुड ऑन यू, मेट."

ताट सिंकमध्ये ठेवून तो मागच्या अंगणात निघून गेला.

मेट! इथे कुठल्याही दोस्ताला म्हणतात तसं. इतक्या आठवड्यांत तो तिच्याशी एकदाही इंग्रजीत बोलला नव्हता. स्वरदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"त्याला काहीच वाटलं नाही, काकू."

"वेडी आहेस," काकू म्हणाल्या. "लहानपणी पडला, गुडघा फुटला, की याचं इंग्रजी सुरू व्हायचं. आय अॅम फाइन, आय अॅम फाइन. मराठीत बोलायला गेला की रडू फुटायचं ना त्याला! अजून तसाच आहे. जा, हात धू आणि जा त्याच्याकडे."

तो मागच्या पायऱ्यांवर बसला होता. लिंबाच्या झाडावरून पाणी ठिबकत होतं. स्वरदा दारातच उभी राहिली.

"वेन, माझ्याशी मराठीत बोल."

तो वळला नाही. "इंग्लिश इज इझियर."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय."

त्यानं पायरीवरचं एक ओलं पान उचलून दुमडलं. मग तो हळूच म्हणाला, "माझ्याकडे मोठ्या माणसांचं मराठी नाही, स्वरदा. असं काही झालं की काय बोलतात, ते मला कुणी शिकवलंच नाही."

"मग लहान मुलांचं बोल."

त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"जाऊ नकोस ना," तो म्हणाला.

एवढंच. ती त्याच्या शेजारी ओल्या पायरीवर बसली.

"जावं लागेल रे. पण मला तू आवडतोस... खूप. पंधरवडाभर सांगायला जमत नव्हतं, ते त्यामुळेच."

अंगातलं जाकीट काढून त्यानं तिच्या खांद्यावर घातलं, आणि हात तिथेच राहू दिला. तिनं डोकं टेकलं. आतून काकूंनी भांडी जरा जास्तच जोरात वाजवायला सुरुवात केली.

"मी मेलबर्नला येईन," तो म्हणाला. "विमानानं. शनिवारी."

"कुठल्या शनिवारी?"

"पहिल्याच."