चुकलीस तर घड्याळाखाली ये

मोठ्या शहरात पाहुणा आला की त्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी उपदेश पडतो. चष्मेवाल्याची आई आली तेव्हाही तेच झालं. तिच्या डोळ्यांना नवा नंबर लागला होता. रविवारी दुकान बंद असतं, मशीन मोकळं असतं, म्हणून तिला दुकानात नेऊन आपल्या हाताने चष्मा करून द्यायचा, एवढंच काम होतं. पण भुयारी रेल्वेचं मोठं जंक्शन बदलून जायचं होतं, आणि चष्मेवाला बूट घालता घालता सुरू झाला.

"आई, गर्दीत फोन बाहेर काढायचा नाही, हिसकावून नेतात. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही. आणि चुकलीसच तर मोठ्या हॉलमधल्या घड्याळाखाली येऊन थांब."

"झालं भाषण?" आई थर्मासमध्ये चहा ओतत होती. बाहेरचं काही प्यायचं नाही, हा उपदेश आदल्या दिवशीच होऊन गेला होता. "अरे, तीस वर्षं टपाल निवडलंय मी. चुकलेलं पत्र इकडून तिकडे फिरवलं की कायमचं जातं. आहे तिथे राहू दिलं तर शोधणारा बरोबर तिथे येतो. तुला लहानपणी काय शिकवलं होतं?"

"चुकलो तिथेच उभं राहायचं. हलायचं नाही."

"मग? मी आले नाही असं एकदा तरी झालंय का?"

खरं तर इथे हसून सोडून द्यायचं. पण उशीर झाला होता, आणि चष्मेवाल्याचा पारा चढला. "हे तुझं टपाल नाही आणि तुझं गावही नाही! जन्मभर स्वतःचंच खरं केलंस. एकदा तरी माझं ऐक!"

आईने फोन रुमालात गुंडाळला, पिशवीच्या तळाशी घातला आणि वर थर्मास ठेवला. बायको दारापर्यंत आली होती. तिने वाकून सासूच्या चपला सरळ करून ठेवल्या.

जंक्शनमध्ये सरकत्या जिन्यावर त्याने पाय ठेवला. आईने ठेवला नाही. तिची नजर अधू, एकीतून दुसरी पायरी निघत होती, आणि तिला कुठली खरी ते कळेना. त्याने वळून पाहिलं तेव्हा तो अर्ध्यात पोचला होता आणि वर माणसांची भिंत झाली होती. पलीकडच्या जिन्याने तो वर आला, तर आई नाही. तो पुन्हा खाली आला, आणि जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला.

घड्याळाकडे तो का गेला नाही, हे बायकोने त्याला नंतर एकदाच विचारलं. त्याचं उत्तर सोपं होतं. आपलं बोलणं आईने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असणार, याची त्याला खात्री होती. ती स्वतःचंच खरं करणार. चुकामूक झाली त्या जिन्यापाशीच घुटमळत असेल, आत्ता खाली उतरेल. म्हणून तो तिच्या नियमाने थांबला. सतरा वेळा फोन लावला. साडेतीन तास थांबला.

आणि आई त्याच्या नियमाने वागली. त्या घड्याळाखाली एका किल्लीवाल्याचा ठेला आहे. सगळं झाल्यावर त्यानेच ते सांगितलं. "दहा वाजल्यापासून उभ्या होत्या हो. मी स्टूल दिलं, घेतलं नाही. एका बाईने पाणी पुढे केलं, तेही नाही. चेहरा पार उतरला होता. मी म्हटलं, आजी, मुलाचा नंबर सांगा, मी लावतो. तर नुसती मान हलवली. म्हणाल्या, मुलाने सांगितलंय." दीडच्या सुमाराला ती बसली, ती उठलीच नाही. जन्मात एकदा आईने मुलाचं ऐकलं.

पिशवी मिळाली. तळाशी फोन होता, रुमालाच्या गाठी तशाच. थर्मास मात्र मिळाला नाही.

चष्मेवाल्याने तिचा चष्मा पुरा केला. का केला, ते त्याला विचारू नका. पुढच्या रविवारपासून तो चष्मा खिशात घालून दहा वाजता घड्याळाखाली जाऊन उभा राहू लागला. बायको म्हणाली, "जाऊ दे, मन हलकं होईल." मन काही हलकं झालं नाही.

चौथ्या रविवारी परत निघताना, जिन्याच्या पायथ्याशी झाडणाऱ्या बाईने त्याला हटकलं. "साहेब, तुम्ही पूर्वी इथे उभे होतात ना खूप वेळ? एक आजी येतात. दर रविवारी. तुम्ही उभे होतात तिथेच उभ्या असतात."

"कसल्या... कसल्या आजी?"

"जाड काचांचा चष्मा. हातात थर्मास. काही विचारलं तर बोलत नाहीत."

पुढच्या रविवारी चष्मेवाला घड्याळाकडे गेलाच नाही, पायथ्याशी उभा राहिला. बोगद्यातून गाडीआधीचा तो कोंदट वारा येत होता, लोखंडाचा आणि ओल्या सिमेंटचा वास घेऊन. एक वाजेपर्यंत कुणी आलं नाही. जाता जाता तो हॉलमध्ये डोकावला, तर किल्लीवाला ठेला तसाच टाकून धावत आला.

"आज तुम्ही नव्हतात," तो हळूच म्हणाला, "आणि त्या... आल्या होत्या. घड्याळाखाली. मी त्यांना उचलून नेताना पाहिलंय हो... मीच पाय धरले होते."

मग चष्मेवाल्याला उमगलं, आणि तिथेच भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला. आई त्याला शोधत होती. तो घड्याळाखाली असला की ती जिन्याशी जायची, कारण मुलगा तिथे थांबला होता. तो जिन्याशी गेला की ती घड्याळाकडे, कारण मुलाने तसं सांगितलं होतं. मेल्यावरही माय-लेकरांची चुकामूक चालूच होती.

त्यानंतरच्या रविवारी त्याने बायकोला बरोबर घेतलं. "तू घड्याळाशी थांब. मी जिन्याशी. तू नुसतं सांग तिला, की मी कुठे आहे."

"अहो, आणि खरंच आल्या तर?"

"तर सांग की मी रागावलेलो नाही."

दहा वाजून गेले. भरदिवसा, शेकडो माणसांत, पांढऱ्या दिव्यांच्या लख्ख उजेडात तो उभा होता. वर ध्वनिक्षेपकावर बाईचा आवाज तेच ते सांगत होता... बेवारस वस्तूला हात लावू नये... अनोळखी व्यक्तीकडून... फोन वाजला.

"आल्यात," बायको कुजबुजली. "पाठमोऱ्या आहेत. पातळ तेच... त्या दिवशीचं."

"सांग तिला!"

"सांगितलं. वळल्या नाहीत. पण... चालायला लागल्यात. तुमच्याकडे येतायत. मला नाही पुढे येववत हो..."

त्याने जिन्याकडे पाहिलं. जिना माणसांनी गच्च भरला होता. फक्त एक पायरी रिकामी होती. मागच्यापुढच्यांनी अंग चोरून तिच्याभोवती जागा सोडली होती, आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. ती पायरी खाली आली, सपाट झाली, जमिनीत गेली. कुणी उतरलं नाही.

मग त्याला थर्मास दिसला. त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर, फरशीवर. झाकणाला दोरा बांधलेला, तिनेच बांधलेला. तो वाकला, आणि एक क्षण हात आखडला. शहराची सवय, दुसरं काय. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला.

"हात लावू नका. तुमचा आहे का?"

"माझ्या आईचा आहे."

चष्मेवाल्याने थर्मास उचलून झाकण फिरवलं. चहाची वाफ त्याच्या चष्म्यावर आली. आई जाऊन सहा रविवार झाले होते.

रक्षक जरा नरमला. चष्मेवाल्याच्या खांद्यामागे बघत म्हणाला, "ह्या का तुमच्या आई? मग त्यांना सांगा ना, सामान असं खाली ठेवू नये."

चष्मेवाला वळला. मागे मोकळी फरशी होती. पण तिथे दरवळ होता, जुन्या कागदांचा आणि खळीचा, टपालाच्या थैल्यांचा. लहानपणी ती कामावरून आली की तिच्या पदराला तोच वास यायचा. आईला जवळचं काही दिसत नसे, हे त्याला आठवलं. त्यासाठीच तर ती आली होती. त्याने खिशातून नवा चष्मा काढला, उघडला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे धरला.

"आई... घाल गं. मी आहे. चुकलं माझं. सगळ्यांशी बोल, सगळ्यांकडून सगळं घे. माणसं चांगली असतात गं, आई..."

रक्षक कान देऊन काहीतरी ऐकत होता. मग त्याने ओशाळून चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्या तुमच्या आई नसाव्यात," तो म्हणाला. "नको म्हणतायत. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, असं मुलाने बजावलंय म्हणे."