एका फ्रेमपुरती

घरातली फरशी पुसायला बाई होती. सूनबाई पुसायची ती जुने सिनेमे. प्रिंटवरचे ओरखडे, बुरशी, धूळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुसायची आणि डिस्क छापायला सिनेमा स्वच्छ करून द्यायचा, ही तिची नोकरी. नियम एकच. डाग एकाच फ्रेममध्ये असेल तर तो कचरा. पुढच्या फ्रेममध्येही टिकला तर ते चित्र. कॉम्प्युटर लाल गोल काढायचा, ती बटण दाबायची. हात सवयीचा, डोळा अर्धा.

या खेपेला फ्रेंच खेड्यातली प्रेमकथा होती. नदीपलीकडे दिलेली मुलगी आणि फाटकाशी तिची वाट बघत म्हातारा होणारा गिरणीवाला. सासूबाईंनी तो सिनेमा लग्नाआधी सासऱ्यांबरोबर चोरून पाहिला होता. आता त्यांना सकाळचा नाश्ता आठवत नसे, पण हा सिनेमा आठवे. डॉक्टरांनी महिन्याचीच हमी दिली होती, तीही घुटमळत.

"शेवटी ती परत येते ना, तेवढं दाखव मला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, येत नाही ती. तो एकटाच उभा असतो आणि सिनेमा संपतो."

"तू कधी पाहिलास?"

"एक लाख चव्वेचाळीस हजार फ्रेम पाहिल्यात, एकेक करून."

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "तांदूळ निवडणाऱ्याला भाताची चव काय कळणार."

टोमणा लागला. दुसऱ्या दिवशी सूनबाईने फ्रेममधून पुसलेल्या जागांचे मूळ तुकडे उघडले. ऑफिसात ते आठ दिवस ठेवत. शेवटच्या रिळातले तुकडे तिने ओळीने लावले. केस, धूळ, केस. मग नदीकाठी एक ठिपका. शंभरेक फ्रेमनंतर तोच ठिपका रस्त्यावर, जरा मोठा. ठिपक्याच्या सातव्या तुकड्यात घागरा कळत होता. अकराव्यात बाई फाटकाशी पोचली होती आणि तिचा हात कडीवर होता.

अकराही वेळा ती एकेका फ्रेमपुरतीच होती. अकराही वेळा सूनबाईने बटण दाबलं होतं.

ती साहेबांकडे गेली. "शेवटचं रीळ पुन्हा करावं लागेल. एक बाई पुसली गेलीय."

"पुढच्या फ्रेममध्ये आहे?"

"नाही."

"मागच्या?"

"नाही."

"मग कचरा. त्याला नाक-डोळे असले तर माझी हरकत नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि मॅडम, फाइल कालच छापायला गेली. शुक्रवारी डिस्क बाजारात."

निदान सासूबाईंना ते अकरा तुकडे तरी दाखवावेत म्हणून शुक्रवारी ते पेनड्राइव्हवर घ्यायला ती बसली. तुकडे जागेवर होते. पहिल्यात नदी होती. सातव्यात रस्ता. अकराव्यात फाटक होतं आणि कडी काढलेली होती. बाई एकातही नव्हती.

रविवारी दुपारी तिने डिस्क लावली. सासूबाईंना सोफ्यावर उशांना टेकवून बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसली. ऊन खिडकीतून थेट टीव्हीवर येत होतं, म्हणून पडदा ओढला. चित्र आरशासारखं लख्ख होतं. आता म्हातारी हिरमुसणार, आणि तिची शेवटची हौस आपल्याच बोटाने पुसली गेली, एवढंच सूनबाईच्या मनात घोळत होतं.

शेवटचं दृश्य आलं. गिरणीवाला फाटकाशी एकटा उभा होता. रस्ता रिकामा. सूनबाई डोळ्याची पापणी न लववता बघत होती. काहीही आलं नाही. अक्षरं वर सरकू लागली.

"आली बघ," सासूबाई म्हणाल्या.

त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

"कुणी नाहीये, आई."

"तिथं सिनेमात तू तिला जागाच ठेवली नाहीस. मग ती जाणार कुठं?" आवाजात राग नव्हता. त्यांनी शेजारची उशी उचलून मांडीवर घेतली. "ये गं. दमली असशील."

सूनबाईने वळून पाहिलं. दाराची कडी तिने स्वतः लावली होती.

ती आता लोंबत होती.

सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारची गादी हळूहळू दबली, एका माणसापुरती. खोलीत ओल्या गवताचा वास आला.

सूनबाईने डिस्क बाहेर काढली आणि हातात धरून ती तशीच उभी राहिली. अशा चार हजार डिस्क शुक्रवारपासून घरोघरी पोचत होत्या.