चौथी वाटी

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाणी तपासतो. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात काय, किती आहे, ते कागदावर लिहून द्यायचं, हे माझं काम. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला मी सहसा जात नाही. १९७९च्या जानेवारीतला तो रविवार मात्र मला अजून कुठल्याच कागदावर मांडता आलेला नाही.

माझी मोठी बहीण चंद्रकला धंतोलीत एका खाजगी दवाखान्यात आया होती. वडील आधीच गेले होते. उमरेडला आमची आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, ती अकराची. मला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. सुमती केळापुरे नावाच्या बाईंचे खाण्यावरचे लेख रविवारच्या पेपरात येत, ते कापून ताई वहीत चिकटवायची. स्वतः स्वयंपाक मात्र उरकल्यासारखा करायची. त्याच बाईंचं व्याख्यान जवळच्या वाचनालयात आहे असं कळलं, तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.

"चाल ना गा माया संगं. एकटीले कसंतरी वाटते."

पाच वाजता आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पन्नासेक माणसं होती. टेबलावर शेवंतीची फुलं आणि पाण्याचा तांब्या. केळापुरेबाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, अमरावतीच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं स्वच्छ, पुस्तकी. त्यांनी पाटवडीच्या रश्श्यावरचा लेख वाचायला घेतला. तर्रीचं वर्णन आलं तसे लोक हसले. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं.

मग ते पाणी कडू झालं.

बाईंनी पान उलटलं. आवाज तोच, संथ. "उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात माग बंद पडून दोन महिने झाले होते. घरात दाणा नव्हता. तरी त्या दिवशी बाईनं चुलीवर आंबील चढवली. चार वाट्या भरल्या. गूळ रोजच्यापेक्षा जास्त टाकला. उजेडात आंबील जराशी निळसर दिसत होती."

आईची मला एकच आठवण आहे. ती मला गोड आंबील भरवते आहे. ही आठवण मी कधी कोणाला सांगितलेली नव्हती.

"थोरलीनं एक घोट घेतला," बाई वाचत होत्या, "आणि धाकट्याची वाटी हातानं उडवली. त्याला काखेत मारून ती परसात पळाली."

ताईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेले भैय्याजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे वळले. "काय पाटवडी सांगितली बाईनं! भूकच लागली बुवा."

"आणि ते आंबिलीचं?"

"कोणती आंबील?" ते म्हणाले.

बाहेर आवारातल्या नळावर ताई चूळ भरत होती. पुन्हा पुन्हा. मीही भरली. चव जाईना. ती मला ओळखू आली होती. टाकीतलं शेवाळ मारायला आमच्या केंद्रात निळं, विषारी मोरचूद आणतात. एकदा ते माझ्या ओठाला लागलं होतं.

"ते खळीचं पीठ होतं ना, ताई?"

आमच्या घरी मागावरच्या ताण्याला खळ लावत. तिला कीड लागू नये म्हणून पिठात मोरचूद कालवून ठेवत.

"होय."

"तू तं मले हैजा सांगितला होता."

"पाच वर्साच्या पोराले काय सांगू?"

"आईले माहीत होतं?"

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "गूळ जास्त टाकला होता तिनं," ती म्हणाली.

मी मनात मोजत होतो. आई, ताई, मी.

"बाई चार वाट्या म्हणाल्या."

नळ गळत होता. ताईनं तो घट्ट केला. तरी गळत राहिला.

"शेजारची भागी उंबऱ्यात बसली होती," ती म्हणाली. "सहा वर्साची. आईनं तिलेबी देल्ली. तुयी वाटी उडवली अन् मी तिच्याकडं पाह्यलं. माया हात पुरला असता, ताराचंद. पण मी तुले घेऊन पळाली."

"मग भागी?"

"आईच्या आधी गेली."

तेवढ्यात केळापुरेबाई पायऱ्या उतरल्या. रिक्षा उभी होती. मंडळी नमस्कार करत होती. ताईला पाहून बाई थांबल्या.

ताईनं हात जोडले.

बाई अगदी जवळ आल्या. लहान मुलं उभी राहतात तितक्या जवळ. मान वर करून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"चंद्रे," त्या हळूच म्हणाल्या, "कडू लागते वं."

ताई वाकली.

"नको खाऊ," ती म्हणाली. "ठेव ते खाली, भागी. नको खाऊ."

बाईंनी जरा विचार केला.

"सरलं," त्या म्हणाल्या, आणि हातात नसलेली वाटी त्यांनी उपडी करून दाखवली.