मडगार्डाखालचा चुना

मेहमूद तांबोळ्याने फटफटी घेतली ती हौसेसाठी नाही, गरजेसाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि गालात हसायचे, कारण घेतल्यापासून दिवसातून दोनदा तो ती स्वतःच्या उपरण्याने पुसत होता. नवी नव्हतीच ती. दौंडच्या एका रेल्वेगार्डाने बदली झाली म्हणून विकलेली; पण गार्ड निगुतीचा माणूस, गाडीवर ओरखडा म्हणून नव्हता.

गरज मात्र खरी होती. मेहमूदचं पानाचं दुकान शिरूरला, जुनी माणसं ज्याला अजून घोडनदी म्हणतात तिथे. पानाच्या करंड्या रेल्वेने दौंडला उतरायच्या, आणि आठवड्यातून दोनदा जाऊन त्या आणाव्या लागायच्या. पण ते काम एस.टी.नेही होत होतं. खरी गरज घरात होती. त्याच्या बायकोला, अकिलाला, सातवा सरत आला होता.

पहिल्या बाळंतपणाला सुईणीने हात टेकले होते. दौंडला न्या म्हणाली. एस.टी. निघून गेलेली, म्हणून बैलगाडी जोडली. इनामगावच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली, ती गाडी थांबवावी लागली. मुलगी झाली. रडली नाही. त्याला दोन वर्षं झाली, पण त्या निंबाखालून जाताना मेहमूद अजून पाच मिनिटं थांबायचा. करायचा काही नाही, नुसता उभा राहायचा. या वेळी वेळेआधीच अकिलाला आपल्या मागे बसवून दौंडला बहिणीकडे नेऊन ठेवायचं, एवढ्यासाठी त्याने फटफटी घेतली होती. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कसंही आणा, पण दणका बसता कामा नये.

आणि नेमके दणकेच बसत होते.

जाताना गाडी कशी पाण्यावरून जावी तशी जायची. येताना मात्र मागचं चाक प्रत्येक खळग्यात असं आपटायचं की मणके मोजून घ्यावेत. पहिले काही दिवस त्याने रस्त्याला शिव्या दिल्या. मग हवा कमी केली, मग जास्त केली. मग करंडी पुढे बांधून पाहिली. एका संध्याकाळी तो कंबर धरून घरात आला तेव्हा अकिला चुलीपुढे बसली होती. तिने वळून पाहिलं.

"यावर बसवनार व्हय मला?"

"दुरुस्त करतो."

"माझ्या पोटात पोर हाय. पानाची करंडी न्हाई." ती हे रागाने बोलली नाही. भाकरी उलटली आणि हळूच म्हणाली, "मला पुन्यांदा त्या निंबाखाली उतरवू नका."

त्या रात्री मेहमूद नीट जेवला नाही.

*

दौंडला सिद्दीक मिस्त्री म्हणून एक म्हातारा होता. उभा जन्म रेल्वेत गेलेला. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याच्या हातोडीने चाक ठोकायचं आणि आवाजावरून चिरलेलं कुठलं ते सांगायचं, हे त्याचं काम. पेन्शन झाली तरी कान शाबूत होते. मेहमूद गेला तेव्हा तो एक लोखंडी नळ कापायच्या तयारीत होता.

"तांबोळी ना तू? चुना दे जरा."

मेहमूदने डबी पुढे केली. मिस्त्रीने दोरा चुन्यात बुडवला, नळाभोवती गुंडाळून ताणला आणि काढून घेतला. नळाला बारीक, सरळ, पांढरी रेघ उमटली. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळू नये अशी.

"रेघ मारल्याबिगर करवत लावू न्हाई," तो म्हणाला. "एकदा कापलं की कापलं."

मग तो फटफटीकडे वळला. चाकाच्या एकेक तारेवर हातोडी टेकवून ऐकलं. मागच्या दोन्ही स्प्रिंगा दाबल्या, सोडल्या. सीटवर तळहात फिरवला. शेवटी उकिडवं बसून बराच वेळ नुसतं पाहत राहिला.

"गाडीत खोट न्हाई."

"मग दणके?"

"वजनानं. तुझ्या मागं कोन बसतं?"

"कुनी न्हाई, चाचा. एकटाच असतो. करंडी काय, दहा शेर भरंल."

मिस्त्रीने चुन्याची डबी पुन्हा मागून घेतली. मागच्या मडगार्डाच्या आतून, वरच्या बाजूला, त्याने बोटाने चुन्याचा जाड पट्टा ओढला. "एकट्या मानसाच्या वजनानं टायर इथवर कवाच याचा न्हाई. दोघं बसले आन् खळगा आला, तर चुना पुसंल. वाटंत ठिकठिकानी उतरून बघ. कुठं पुसतो ते मला सांग."

मेहमूदला हे पटलं. त्यात भुताखेताचं काही नव्हतं, हिशोबाची गोष्ट होती. करंडी बांधून तो निघाला. थंडीचे दिवस, चार वाजताचं ऊन, दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीला आलेली. भीमा ओलांडल्यावर उतरून पाहिलं, चुना शाबूत. इनामगावच्या निंबाखाली पाहिलं, शाबूत.

तिथे तो नेहमीसारखा थांबला. फाट्यापासून थोडं आत, नदीच्या अंगाला, त्या वर्षी पुण्याची शिकलेली माणसं पांढरीचं, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीचं टेकाड उकरत होती. गावचा हरिबा तिथे रोजावर होता. फटफटी घेतली त्याच दिवशी हरिबाने गाडी पाहून पेढे मागितले होते, आणि मेहमूद म्हणाला होता की तांबोळ्याचे पेढे म्हणजे विडे. सगळ्या मजुरांना त्याने विडे लावून दिले. हरिबाने त्याला खड्डा दाखवला. खाली एक माणूस उताणा निजलेला, नुसती हाडं. घोट्यांच्या खाली काहीच नव्हतं.

"पाय कुठं गेलं, मामा?"

"तोडल्यात. सायेब म्हनत्यात, हजारो वर्सांमागची मानसं ही. मेलेल्यानं घर सोडून जाऊ न्हाई म्हनून घोट्यापासनं पाय तोडायचे, आन् घरातच जमिनीखाली ठिवायचं." हरिबा थुंकला आणि जरा ओशाळून म्हणाला, "लई जीव असनार रं."

लई जीव. मेहमूदला ते तिथल्या तिथे कळलं. आपली पोर कबरस्तानात नेताना अकिला एकच सांगत होती, तिला बाहेर नेऊ नका, घरातच ठेवा. तिला कुणी वेडी म्हटलं, कुणी रडू दिलं. एक विडा शिल्लक होता तो त्याने वाकून त्या कवटीपाशी ठेवला, आणि विडा देताना आपण कुणालाही म्हणतो तसं म्हणाला, "घ्या. या एकदा घराकडं." हरिबा हसला. पुढे मग रिवाजच पडला. दर खेपेला एक नवा सांगाडा निघालेला असायचा आणि मेहमूद एक विडा ठेवायचा. आमंत्रणाचे तेच शब्द तोंडून जायचे, सवयीने.

आजही ठेवला. गाडी सुरू केली, आणि शंभर पावलांत पहिला दणका बसला.

न्हावऱ्याला उतरून तो मडगार्डाखाली वाकला. चुना पुसला होता. टायरच्या रुंदीएवढा, अगदी पत्र्यापर्यंत. सीटवर कोणी नव्हतं. मग पुन्हा चुना लावला, आणि तो शिरूरपर्यंत पुन्हा पुसला. दारात गाडी लावून आत करंडी ठेवली. काय मनात आलं कोण जाणे, तसाच बाहेर आला आणि रिकामी गाडी पेठेतून फिरवून आणली. गाडी मऊ चालली. खळग्यातही आपटली नाही.

म्हणजे जे कोण होतं ते त्याच्या दारात उतरलं होतं.

*

"मला ठावं होतं," सिद्दीक मिस्त्री म्हणाला. "पन तुझ्या तोंडून यायला पायजे होतं." त्याने मागच्या बसणाऱ्याच्या दोन्ही पायऱ्यांकडे बोट दाखवलं. त्या मिटलेल्या होत्या, वर चिखल सुकलेला. "हे बघ. गार्डानं बायकोला लई फिरवलं, तवा ह्या उघड्याच असायच्या. आता मिटल्यात. मग चिखल बघितला. गार्ड चिखल ठिवनारा न्हवं. हा तुझ्या रस्त्याचा हाय. तू घेतल्यापासनं ह्या उघडल्याच न्हाईत. तुझ्या मागं बसनारा पाय ठिवत न्हाई, मेहमूद. सगळा भार सीटवर... म्हनून आपटती."

मेहमूद तिथेच खाली बसला, आणि विड्याची गोष्ट सांगितली.

"किती खेपा झाल्या?"

"आठ."

"आन् दर बारीला नवा?"

"...व्हय."

म्हाताऱ्याने हातोडी बाजूला ठेवली. "विडा दिऊन बोलावलं तर मानूस येतोच. त्याचा काय दोष? पन जायला त्याला पाय लागत्यात."

मेहमूद त्या दिवशी निंबाखाली थांबला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. मान खाली घालून तसाच पुढे गेला, आणि गाडी घरापर्यंत मऊ चालली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अकिला शेजारी गेलेली आणि अम्मा, म्हणजे त्याची आई हुसेनबी, पडलेली असताना, तो उंबऱ्यात उभा राहून घराच्या आत बघत हलक्या आवाजात म्हणाला, "चला. सोडतो तुम्हाला." मागच्या पायऱ्या त्याने मुद्दाम उघडून ठेवल्या होत्या, नंतर त्या चुकीची त्याला लाज वाटली. मडगार्डाला ताजा चुना लावला. इनामगावच्या फाट्यापर्यंत गेला. उतरून पाहिलं तर चुना जसाच्या तसा. कोणी बसलंच नव्हतं.

बोलावलेल्या पाहुण्यांना घालवून देता येत नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तो तसाच परत आला.

तुम्ही म्हणाल, घरात मग काय झालं? काही झालं नाही. भांडं पडलं नाही, दार वाजलं नाही. अम्मा फक्त म्हणायची की यंदा घरात थंडी वाजत नाही, माणसं भरल्यासारखं वाटतं. आणि जी अकिला दोन वर्षं रात्री उठून बसायची, ती गाढ झोपायला लागली. एकदा सकाळी ती त्याला म्हणाली, "कुनीतरी उशाशी बसून राहतंय असं वाटतं. भ्या वाटत न्हाई. उलट बरं वाटतं." मेहमूदने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवर लाली आली होती. बाळंतपणाला घरात मोठी माणसं लागतातच, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने तो येऊ दिला. माणूस भीतीला फार दिवस उभं ठेवत नाही; बसायला पाट देतो.

नवव्यात पडल्यावर एका सकाळी त्याने अकिलाला मागे बसवलं. तिने पायऱ्यांवर पाय ठेवले. दौंडपर्यंत एक दणका बसला नाही. निंब आला तेव्हा तिने त्याच्या पाठीला कपाळ टेकलं आणि निंब मागे गेल्यावर उचललं. अम्मा मागून एस.टी.ने आली. दौंडला आल्यावर तेराव्या दिवशी अकिलाला मुलगा झाला आणि असा रडला की व्हरांड्यात बसलेला मेहमूदही त्याच्याबरोबर रडला. डॉक्टरीणबाईंनी पोराला उचलून दोन्ही पाय दाखवले. लांब, लाल, लाथा झाडणारे. "घरात ठरायचा नाही हा," त्या हसून म्हणाल्या.

सिद्दीक मिस्त्री पोराला बघायला आला. त्याने पोराच्या तळव्याला बोट लावलं, काहीतरी पुटपुटला, आणि मेहमूदला म्हणाला, "थोडे दिस इथंच राहू दे त्यांना."

"घर सोडून किती दिवस राहनार, चाचा?"

महिना झाल्यावर मेहमूद त्यांना घरी घेऊन आला.

घर बंद होतं तरी आत ऊब होती. अकिला दारातूनच हसली. पाळणा बांधला, शेजारपाजार येऊन गेला, पोर दूध पिऊन निजलं. मेहमूद त्या रात्री पाळण्याच्या दोरीला हात लावून जमिनीवरच आडवा झाला. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला.

सकाळी अम्मा ओसरीवर पाय पसरून पोराला अंघोळ घालायला बसली होती. तिने त्याला हाक मारली.

"मेहमूद, आरं नजर लागू न्हाई म्हनून काजळ लावत्यात. चुना कशाला लावलास? कवळं कातडं हाय, भाजंल की."

तो जवळ गेला. पोराच्या दोन्ही घोट्यांभोवती चुन्याची एकेक रेघ होती. बारीक, सरळ. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळत नव्हतं.

"तूच ओढलीस न्हवं?" अम्माने विचारलं.

आतून अकिला काहीतरी गुणगुणत होती. दोन वर्षांत त्याने तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

"व्हय," मेहमूद म्हणाला. "मीच."

त्याने खोबरेल तेलाचं बोट लावून दोन्ही रेघा पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा पुन्हा उमटल्या होत्या. अम्माने तेलाची वाटी पाळण्याजवळ आधीच आणून ठेवली होती.