गुलाब मंडळाची गाणारीण

"तू माझ्याशी कधी धड बोललीच नाहीस, आई," व्हर्लिन इंग्रजीतून म्हणाली आणि कोकोचा पेला तसाच टाकून उठली. युडोक्सियाच्या ओठांशी सारं आयुष्य येऊन थबकलं... पण इंग्रजीत तिच्याजवळ शब्द होते तरी कुठले? ये, जेव, झोप, अभ्यास कर. तेवढ्यावरच तिनं लेक वाढवली होती.

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरच्या त्या खेड्यात सगळ्यांचंच तसं. मोठी माणसं आपसांत क्रेयॉल बोलायची आणि पोरांकडे वळली की मोडकीतोडकी इंग्रजी. पण क्रेयॉल शब्द तोंडून गेला म्हणून शाळेत चिमुकल्या व्हर्लिनला खडीवर गुडघे टेकायला लावलं, त्या दिवसापासून युडोक्सियानं आपली भाषा लेकीच्या कानावर पडूच दिली नाही. गावात दरवर्षी गुलाबाचा सण करणाऱ्या गुलाब मंडळाची ती मुख्य गाणारीण, तिच्या आवाजावर अख्खा सण उभा राहायचा! ती गाणीही क्रेयॉलमधलीच, म्हणून तिनं गाणंही सोडलं. पोर ती भाषा विसरली, मुख्याध्यापिका झाली, आणि घर मुकं ते मुकंच राहिलं. युडोक्सिया आता थकली होती... गप्प राहूनही माणूस फार थकतं.

तेवढ्यात शेजारची इग्नेशिया दारात आली. उद्या गुलाबाचा सण आणि नव्या गाणारणीचा घसा बसलेला. तूच चल, म्हणाली. युडोक्सियानं डोळ्यांनीच लेकीकडे खूण केली.

"अगं, पोरीचे केस पिकायला लागले. अजून तिचे कान झाकतेस?" इग्नेशिया करवादली. मग व्हर्लिनकडे वळून तिनं आपल्या तोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. "तुझे गुडघे सोलले, बाई, म्हणून हिनं जीभ गहाण टाकली. आणि तू वर विचारतेस, बोलली का नाही?"

व्हर्लिन आईसमोर येऊन बसली. म्हणाली, "बोल आई. तुझ्या भाषेत बोल. मला नाही कळलं तरी चालेल."

युडोक्सिया बोलू लागली... लेकीचं पहिलं पाऊल, तिचा ताप, तिच्या उशाशी न गायलेली अंगाई. व्हर्लिनला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळत होतं, आणि ते आलं की दर वेळी तिचे डोळे भरून येत होते.

दुसऱ्या दिवशी सणाच्या सभागृहात युडोक्सियानं ओळ टाकली, जमावानं ती उचलली. गुलाबी झग्यांच्या त्या गर्दीत व्हर्लिन उभी होती. त्या क्रेयॉल शब्दांवर ती अडखळली आणि तिनं मान खाली घातली.

युडोक्सियानं हात वर करून ढोल थांबवला. मग लेकीकडे बघत तीच ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, नुकत्याच बोलू लागलेल्या पोरासमोर म्हणावी तशी.