साडेतेहेतीस आणि एकोणतीस

चष्मेवाल्याने डोळ्यांवर चढवायचा पाचवा हेडसेट डोक्यावरून उतरवला, उलटा धरला आणि खिशातली पट्टी काढून आतल्या दोन भिंगांमधलं अंतर मोजलं. विक्रेता आधी हसू आवरत होता, आता जांभया आवरत होता. बाकीची गिऱ्हाईकं वजन विचारत, गेम कोणते चालतात ते विचारत. हे काका मात्र एकेक हेडसेट पालथा घालून नाक मोजत बसले होते.

"काका, यात अंतर आपोआप जुळतं," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही भिंगं एकदम सरकतात."

"एकदम सरकतात, तीच तर बोंब आहे. नाक सगळ्यांचं मधोमध असतं, असं तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं?"

पहिल्या हेडसेटमधून घोड्याला झापडं लावल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्याची बॅटरी तासाभरात मान टाकायची. तिसऱ्यावर श्वासाची वाफ धरत होती. चौथ्यात विमानाच्या तबकड्यांवरचे आकडे वाचता येत नव्हते, आणि खेळातलं का होईना, विमान उडवायचं तर आकडे वाचता आलेच पाहिजेत. विक्रेत्याने मग आतून सहावा आणला. जड होता, मागे जाडजूड केबल होती, पण त्यात प्रत्येक भिंगाला स्वतःची मोटर होती. आतले दोन बारीक कॅमेरे डोळे बघून एकेक भिंग वेगळं जागेवर नेत, आणि हवं तर ते हातानेही सरकवता येई. चष्मेवाल्याने पट्टी खिशात ठेवली. "हा द्या," तो म्हणाला.

बायकोने खोकं बघून कपाळावर हात मारला. साठी यायला अजून चार वर्षं आहेत आणि बुद्धी आत्ताच नाठी, असं ती समोरच्या शिंप्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. दुकान दोघांचं होतं. तो डोळे मोजायचा आणि काचा घासायचा, ती फ्रेमा विकायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड भरून लाकडी पेटीत लावायची. वर नाव, खाली नंबर आणि सगळ्यात खाली नाकाच्या मधल्या रेघेपासून उजव्या बाहुलीपर्यंतचं अंतर आणि डाव्या बाहुलीपर्यंतचं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "नंबर बदलतो, केस जातात, दात जातात. हे अंतर एकदा माणूस वयात आला की मरेपर्यंत तेच." त्याचं स्वतःचं दोन्हीकडे बत्तीस मिलिमीटर होतं.

बायको चेष्टा करत होती खरी, पण हेडसेट कशासाठी आणला ते तिला ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा वैमानिक होता. बंदराजवळच्या धावपट्टीवरून समोरच्या बेटावर औषधं नेणारं लहान विमान तो चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दीपगृह ओलांडून तो ढगात शिरला. बेट समोर होतं, किनारा उजवीकडे होता, आणि तो डावीकडे वळला. डावीकडे शेकडो मैल नुसता समुद्र होता. का वळला, ते चौकशीच्या अहवालालाही सांगता आलं नाही. विमान मिळालं नाही आणि तोही मिळाला नाही.

आता बहिणीच्या सुनेला पुन्हा संसार मांडायचा होता. चांगला माणूस भेटला होता. मुलगा हयात नाही असं मानावं, या अर्जावर आईची सही तेवढी हवी होती. ताई अडवणाऱ्यांतली नव्हती. ती भावाला इतकंच म्हणाली, "मी सही करते. पण त्याला शेवटी काय दिसलं ते एकदा मला कुणीतरी सांगा."

चष्मेवाल्याला मात्र एक गोष्ट माहीत होती आणि ती त्याने अकरा वर्षं बायकोलाही सांगितली नव्हती.

भाचा लहानपणी झोपाळ्यावरून तोंडावर पडला होता. नाक मोडलं आणि डावीकडे कललं ते कललंच. त्यामुळे त्याचं अंतर उजवीकडे साडेतेहेतीस आणि डावीकडे एकोणतीस होतं. सबंध पेटीत अशी जोडी एकाच कार्डावर होती. भाच्याच्या काचा मामा नेहमी स्वतः घासायचा. शेवटच्या खेपेला मात्र मशीन बिघडलं होतं, म्हणून त्याने काचा बाहेरच्या कारखान्यातून करून घेतल्या. त्यांच्या फॉर्मवर एकच चौकोन होता. त्याने घाईत बेरीज लिहिली, साडेबासष्ट, आणि कारखान्याने ती सरळ निम्मी केली, दोन्हीकडे सव्वाएकतीस. दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला, जरा जड वाटतं डोळ्यांना, मामा. फॉर्मवरचा चौकोन मामाला तेव्हाच आठवला होता. तरी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच म्हणाला. "चार दिवस वापर. होईल सवय." चौथ्या दिवशी भाचा उडाला.

त्या चष्म्यातून ढगात काय दिसतं, ते चष्मेवाल्याला बघायचं होतं. त्यासाठी वेगवेगळी सरकणारी भिंगं लागणार होती.

दुकानामागच्या कामाच्या खोलीत, घासायचं मशीन आणि भिंत यांच्यामध्ये त्याने संगणकावर विमान उडवायची बैठक मांडली. पायांखालची पेडलं दाबली की चाकांची खुर्ची विमानाऐवजी स्वतःच मागे पळायची, म्हणून पहिल्याच दिवशी साधी लाकडी खुर्ची आली. उजवीकडे टेबलाच्या कडेला दांडी आवळली, डावीकडे इंजिनाची मूठ. हेडसेट चढवला की आपले हात दिसत नाहीत, तेव्हा कामाच्या बटणांवर त्याने फ्रेमेला लावायचे मऊ तुकडे चिकटवले, बोटांना ओळखता यावेत म्हणून. आपल्या नंबरच्या दोन चिमुकल्या काचा घासून आत बसवल्या. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांत पोटात ढवळायचं. तोंडावर पंखा लावला की बरं वाटतं, हा शोधही त्याने स्वतःच लावला आणि त्याचा त्याला भारी अभिमान वाटला.

आणि मजा येत होती, हे तो स्वतःशी कबूल करायचा. जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा तोंडात टाकून तो बंदरावरून उडायचा. मान खाली घातली की बोटी दिसायच्या, मागे वळलं की शेपटी दिसायची. उतरताना मात्र दरवेळी आपटायचा, आणि पुढच्या दुकानातून बायको विचारायची, किती माणसं गेली?

तिसऱ्या सोमवारी सकाळी त्याने धूळ पुसायला हेडसेट उचलला, तर भिंगं जागेवर नव्हती. त्याने सवयीने पट्टी लावली. उजवं साडेतेहेतीस, डावं एकोणतीस.

डोक्यात तोच आकडा घोळतोय, हाताने आपणच सरकवलं असणार, असं त्याने ठरवलं. भिंगं परत बत्तीसवर आणली. मंगळवारी पुन्हा तेच. त्याने विक्रेत्याला फोन केला. चेहरा आत असल्याशिवाय मोटर हलतच नाही, काका, विक्रेता म्हणाला, कॅमेऱ्याला डोळे दिसायला लागतात.

दुसरा कुणी असता तर त्याने हेडसेट परत केला असता. चष्मेवाला मोजणारा माणूस होता. बुधवारी त्याने फ्रेमा दाखवायचं प्लास्टरचं डोकं आणून त्यावर हेडसेट चढवला. भिंगं हलली नाहीत. गुरुवारी तो रिकामा टेबलावर ठेवला, चालू केला आणि डबा उघडून समोर बसला. एक वाजून दहा मिनिटांनी आत बारीक गुणगुण झाली. उजवं भिंग बाहेर सरकलं. डावं आत आलं. मग गुणगुण थांबली.

त्याने घास खाली ठेवला आणि मोजलं. मग चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ गादीला हात लावला. ती कोमट होती, आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीसारखी. वहीत त्याने तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे लिहिले. "गादी कोमट" असं लिहून ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

भाचा कधी उडाला होता, ते त्याने संध्याकाळी अहवालात पाहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी.

रविवारी दुकान बंद होतं. बायको पुढे बसून कार्डं लावत होती, उन्हाचा पट्टा पेटीपर्यंत आला होता. चष्मेवाल्याने अहवालातलं हवामान भरलं, तोच वारा, तेच ढग. आपोआप जुळणं बंद केलं, हाताने उजवं भिंग सव्वादोन मिलिमीटर आत घेतलं आणि डावं तेवढंच बाहेर सरकवलं. चुकलेल्या चष्म्यात भाच्याच्या बाहुल्यांपासून काचा तेवढ्याच हटल्या होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी तो उडाला.

सगळं किंचित जड दिसत होतं. तबकड्यांच्या कडांना सावली धरत होती. कपाळात बारीक कळ आली, आणि अकरा वर्षांपूर्वीचा तो फोन त्याला शब्दन् शब्द आठवला. त्याला फार वाईट वाटलं. तरी तो उडवत राहिला. बंदर गेलं, बोटी गेल्या, बाविसाव्या मिनिटाला दीपगृह खालून सरकलं. मग पांढरं झालं.

पांढऱ्यात आकडे दुहेरी झाले. कुठला खरा, ते कळेना. तेव्हा गुणगुण सुरू झाली.

आपोआप जुळणं बंद होतं. ते त्याने दोनदा तपासलं होतं.

गुरुवारसारखंच उजवं भिंग बाहेर सरकलं. डावं आत आलं. बत्तीसच्या डोळ्यांना या जागी सगळं फाटून दिसायला हवं होतं.

ते जुळलं.

इतकं स्वच्छ त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. काचेवरचा पाण्याचा एकेक थेंब दिसत होता. त्याने मान डावीकडे वळवली. ढगाला खिंड पडली होती. खिंडीत ऊन होतं, आणि उन्हात धावपट्टी.

नकाशात तिथे समुद्र होता.

दांडी डावीकडे गेली. आपण ती ढकलली की नुसती धरून होतो, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

तो उतरला. चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत. इंजिन बंद केलं.

कडेच्या गवताचं पातं न् पातं दिसत होतं. कुणी नव्हतं. तो बराच वेळ बघत बसला.

हेडसेट काढून त्याने आपला नेहमीचा चष्मा घातला आणि टेबलाची कड दोन ठिकाणी दिसली. फ्रेम वाकली असेल म्हणून तो भिंतीला धरत पुढे गेला. बायकोने फ्रेम सपाट काचेवर ठेवून पाहिली. फ्रेम सरळ होती. विमानाने डोळे गेले वाटतं, आता काठी आणा, असं म्हणत तिने गमतीनेच त्याची पट्टी घेतली, त्याला उजेडात बसवलं आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. नवीन कार्ड घेऊन तिने खाली काहीतरी लिहिलं, ते दुमडून त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि पेन बंद केलं.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"आधी ताईंकडे जाऊन या," ती म्हणाली. तिची चेष्टा सगळी संपली होती.

रस्ता दुहेरी दिसत होता, म्हणून त्याने चष्मा काढून हातात घेतला आणि बहिणीच्या दारात तो पुन्हा चढवला. वाटेत त्याने ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं, चौकोन, बेरीज आणि फोनसुद्धा. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. अर्ज समोर पसरलेला होता. तिने त्याला बस म्हटलं, मान वर केली नाही.

"ताई, त्याला स्वच्छ दिसत होतं," तो म्हणाला. "ढग उघडला होता. डावीकडे जमीन होती, ऊन होतं. तो घाबरला नव्हता."

ताईने डोळे पुसले. मग ठीक आहे म्हणाली, पेनचं टोपण काढलं आणि सहीची जागा शोधून पेन टेकवलं. तेवढ्यात तिची नजर वर गेली. तो डोळे चोळत होता.

"काय रे, डोळ्यांना त्रास होतोय?"

"जरा जड वाटतंय," तो म्हणाला. "होईल सवय."

ताईचा हात थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्या.

"दारातून निघताना तो हेच म्हणाला होता," ती हळू म्हणाली. "असाच डोळे चोळत. कुणाला सांगितलं नव्हतं मी."

चौकोनाचं सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर ताईने पेनला टोपण लावलं. अर्जाची घडी केली, खण उघडून तो आत ठेवला आणि खण बंद केला.

"ताई, सही?"

"आता कशाला?" ती म्हणाली. तिचा चेहरा अकरा वर्षांत इतका निवांत त्याने पाहिला नव्हता. "बस. काहीतरी खाऊन घे."

ती ओट्याकडे वळली. त्याने खिशातलं कार्ड काढलं, उलगडलं आणि डोळ्यांजवळ धरलं. खाली बायकोच्या नेहमीच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, उजवा साडेतेहेतीस, डावा एकोणतीस. वर नावाची जागा तिने कोरी सोडली होती.