टेपचं दुसरं टोक

लायसन्स हातात पडलं त्याच आठवड्यात मी सोलापूरला जाऊन शिक्का करून आणला. गोल, रबरी. ‘लिंबाजी सोनकांबळे, सरकारमान्य व्हॅल्युअर, उमरगा.’ घरी कोऱ्या वहीच्या चार पानांवर नुसतेच शिक्के मारले. कमलबाई, माझी बायको, म्हणाली, “पुरं करा आता. शाई संपंल.”

तिला काय कळणार. त्याआधी दहा वर्षं मी बांधकाम खात्यात रोजंदारीवर होतो. ओव्हरसियरचा डिप्लोमा होता, तरी माझ्या हातात टेपचं दुसरं टोकच दिलं जायचं. कामं वस्ती विचारून वाटली जात, हे तेव्हा कुणी लपवतही नव्हतं. इंजिनिअर झाडाखाली उभा राहून आकडा वाचायचा. मी नालीत, बाभळीच्या काट्यात टोक दाबून बसायचो आणि ओरडायचो, “धरलं, साहेब!” दहा वर्षं दुसरं काही बोललोच नाही म्हणा ना.

शहाऐंशीचा उन्हाळा. मुरूम गावाजवळ सहकारी सूतगिरणी निघणार होती. चेअरमन नानासाहेबांनी पहिल्याच कामाला मला बोलावलं. एवढे जुने व्हॅल्युअर असताना मलाच का, हा संशय एस.टी.तच आला होता. ऑफिसात गेल्यावर तो फिटला. गिरणीसाठी घ्यायची जमीन आमच्याच माणसांची होती. सहीसुद्धा आमच्याच माणसाची असली, म्हणजे बोंब मारायला कुणी उरत नाही.

“बसा व्हॅल्युअर साहेब, च्या घ्या,” नानासाहेब म्हणाले. “पुतळाबाईचं दोन एकर हाय. विहीर कोरडी. बेचाळीस फूट. लिव्हा.”

“बघून लिहितो की.”

“बघा की! न्हाय कोण म्हनतंय? आदी लिव्हा, मग बघा. समदे असंच करत्यात.”

खोटं नव्हतं ते. आमच्या धंद्यात पंचनामा आधी ऑफिसात लिहितात आणि मग जागेवर जातात, किंवा जातही नाहीत. कागदाच्या तळाला बंडप्पा आणि शरणबसप्पा या दोन पंचांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. दोघं बाहेर ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. विहिरीला पाणी असेल तर जमीन बागायत ठरते, नसेल तर जिरायत, आणि जिरायत मातीमोल जाते. एवढाच सगळा खेळ.

“गिरणीची फुडची समदी मोजणी तुमचीच,” नानासाहेबांनी बशी पुढं सरकवली.

मी लिहिलं. ‘विहीर कोरडी. खोली बेचाळीस फूट.’ सही आणि शिक्का तेवढा बाकी ठेवला. जागेवर गेल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवलं होतं. तेवढा प्रामाणिक होतो मी.

अकराच्या सुमाराला पोचलो. रान करपलेलं होतं. विहिरीवर पाच-सहा बाया पाणी ओढत होत्या.

पाणी. पोहऱ्यातून हिंदकळत येत होतं.

“जय भीम, बाबा,” पुतळाबाई म्हणाली. साठीची बाई, हाताला घट्टे. “आपलाच मानूस आला म्हनायचा. बरं झालं.”

“जय भीम, मावशी. किती खोल आहे विहीर?”

“तरेसट फूट. चार उन्हाळं खांदली आमी. गावच्या हिरीवर पाय ठिवू देत न्हवते, तवापसनं. अकरा घरं पित्यात हिच्यावर. नळदुर्गापतूर हिंडलं तरी यंदा असलं पानी घावायचं न्हाय.”

मी कातडी डबीतली शंभर फुटी टेप काढली, टोकाला ओळंबा बांधला. खाली कुणी गाळ काढत असेल म्हणून सवयीनं हाक मारली, “खाली कोण आहे का?”

“कोन असनार?” एक बाई हसली. “बेडकं हायती.”

टेप सोडली. वीस. तीस. चाळीस. मग ती पुढं जाईना. ढिली सोडली तर माझ्याच हातावर गोळा झाली. कपारीत अडकली असेल म्हणून हिसका दिला.

खालूनही हिसका आला. टेप ताणली गेली.

आणि आवाज. बारका, घशाला कोरड पडलेला.

“धरलं, साहेब.”

हसणारी बाई काठापासून मागं सरली.

मी आकडा वाचला. बेचाळीस फूट.

पहिला विचार आला तो नानासाहेबांचा. माणूस उतरवून ठेवला असणार, कपारीत बसवला असणार. मग वाटलं, ही म्हातारीच काही नाटक करते. मी आवाज चढवला, “मावशी, खाली कोण बसवलंय?”

पुतळाबाई वळली. घरात जाऊन आरसा घेऊन आली. काठावर उभी राहून तिनं उन्हाचा कवडसा आत सोडला आणि कडेकडेनं हळू फिरवला. कपार नव्हती. पायरी नव्हती. बांधीव कडा सरळ खाली गेल्या होत्या. पार तळाला पाणी चमकलं. त्या पाण्याच्या वर पुरुषभर अंतरावर, मोकळ्या हवेत माझा ओळंबा होता. तो लोंबकळत नव्हता. कुणी मुठीत धरावा तसा जागच्या जागी स्थिर होता.

मी टेप वर ओढली. ती लगेच सुटली. ओळंबा हातात आला तो कोरडा ठाक. त्याला तळाच्या खडकाची पांढरी भुकटी लागली होती.

पुतळाबाईनं ती भुकटी बोटावर घेऊन पाहिली. मग माझ्या काखेतल्या फायलीकडं पाहिलं.

“बाबा, तू काय लिवून आनलंय?”

मी फाईल काखेत घट्ट दाबली.

“आदीच लिवलंय व्हय?”

“मावशी, टेप दाखवते तेच लिहिलंय. तुम्ही बघितलंत ना आत्ता?”

“म्या पानी बी बघितलं. तू बी बघितलंस.” तिनं माझं मनगट धरलं. “फाड त्यो कागुद. अजून सही न्हाय ना केलीस?”

फाडता आला असता. कुणी हात बांधले नव्हते. पण माझ्या मनात गिरणी होती, पुढची सगळी मोजणी होती, आणि झाडाखालची सावली होती. आणि आता माझ्याकडं पुरावा होता. टेप खोटं बोलत नाही, असं मी मला सांगितलं. आवाजाचं काय, ते विचारलंच नाही.

मनगट सोडवून घेतलं. विहिरीच्या काठावर कागद ठेवून सही केली.

शिक्का मारला.

खाली खडकावर पोहरा आदळला. टण्ण.

ओढणाऱ्या बाईच्या हातात दोर ढिला पडला. तिनं ओढून वर घेतला. पोहरा रिकामा होता. आतून सुकलेला.

पुतळाबाईनं पुन्हा आरसा धरला. कवडसा तळापर्यंत गेला आणि पांढऱ्या खडकावर थांबला. मोजायची गरज नव्हती.

दिवाळीपर्यंत ती अकरा घरं उठली. कोण कळंबला गेलं, कोण पार पुण्याला. गिरणी काही उभी राहिली नाही. भूमिपूजनाचा दगड तेवढा आहे, त्यावर नानासाहेबांचं नाव आहे.

माझं मात्र चांगलं चाललंय. पंचनामा आजही ऑफिसातच लिहितो, मग मोजायला जातो. लिहिलेल्यापेक्षा इंचभरही फरक येत नाही. लोक विचारतात, साहेब, टोक धरायला माणूस देऊ का? मी नको म्हणतो. डबी हातात धरून उभा राहतो, शक्यतो सावलीत. टोक आपोआप सरकत जातं, भिंतीपाशी थांबतं, ताणलं जातं. मग तो आवाज येतो. दहा वर्षं मी तोच आवाज काढत होतो. लोकांना तो ऐकू येतो की नाही, मला माहीत नाही. ते इकडं तिकडं बघायला लागतात.

मी आकडा वाचतो आणि टेप गुंडाळतो. भर मे महिन्यात, तापलेल्या स्लॅबवरसुद्धा, टेपचा पहिला फूट ओला येतो.